शिफारसपत्र आणि डॉ. आनंदीबाई जोशी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कार्यालयाबाहेर रांग लागते. कोणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, कोणाला बोनाफाईड, तर कोणाला शिफारसपत्र. आपल्या देशात वैद्यकीय प्रवेशासाठी आता नीट परीक्षेचे गुण पाहतात, मुख्याध्यापकांच्या पत्राला तिथे जागा नाही. तरीही ट्रस्टची शिष्यवृत्ती, वसतिगृह, परदेशातील कॉलेज अशा कामांना पत्र लागतेच. अशी पत्रे आम्ही इतकी वर्षे लिहीत आलो आहोत की मजकूर शाळेच्या शिपायालाही पाठ झाला असेल. विद्यार्थी हुशार आहे, आज्ञाधारक आहे, वर्तणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सही आणि गोल शिक्का.

मागे एकदा आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी असेच पत्र घेऊन गेली. विज्ञानाची पदवी घेऊन ती परदेशात वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करत होती. चार दिवसांनी ती तेच पाकीट घेऊन परत आली. बराच वेळ मान खाली घालून बसली आणि मग धीर करून म्हणाली, की या पत्रात नाव बदलले तर ते वर्गातल्या कोणत्याही मुलीला चालेल. खरे सांगायचे तर आम्हाला आधी रागच आला. ती गेल्यावर आम्ही पत्राची प्रत पुन्हा वाचली. तिचे म्हणणे खरे होते.

त्या संध्याकाळी आम्हाला डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांचे नाव आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यांच्यावर कादंबरी आहे, नाटक आहे, 2019 मध्ये चित्रपटही आला. पण डॉक्टर होण्याआधी त्यांनाही कॉलेजच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले होते आणि त्या वेळी त्यांच्या हातात दाखवण्यासारखे फारच थोडे होते. या गोष्टीतला एक महत्त्वाचा भाग आपल्या निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर, कोल्हापुरात घडला आहे. म्हणून यंदाच्या अंकात त्यांचे चरित्र या बाजूने सांगावे असे आम्ही ठरवले.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. बायकोला शिकवायचेच, असा गोपाळरावांचा हट्ट होता. तो हट्ट साधा नव्हता. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात दिसली तर ते संतापत, हातही उगारत. गोपाळरावांची थोरवी सांगताना ही गोष्ट आपल्याकडे बहुधा गाळली जाते. आम्हाला ती गाळावीशी वाटत नाही. त्यांच्यामुळे आनंदीबाई शिकल्या हे जितके खरे, तितकेच त्या शिक्षणाची किंमत एका लहान मुलीने मोजली हेही खरे.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळंतिणीला आणि बाळाला तपासायला स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे ही त्या काळी घराण्याच्या अब्रूची बाब मानली जाई. आपल्या आजी-पणजींच्या तोंडून अशा बाळंतपणांच्या गोष्टी सीमाभागातल्या घराघरांत ऐकायला मिळतात. वैद्यक शिकण्याचा विचार आनंदीबाईंच्या मनात इथून रुजला.

याच सुमारास गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली होती. टपाल खात्यातल्या माणसाचे बिऱ्हाड पाठीवरच असते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा प्रवास झाला. (हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे, डॅनिश लोकांची जुनी वसाहत असलेले.) 1878 मध्ये कोल्हापुरातून गोपाळरावांनी अमेरिकन मिशनकडे एक पत्र दिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, तिथे आपल्यालाही एखादी नोकरी मिळाली तर बरे, असा त्याचा आशय. हे पत्र अमेरिकेत रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत पोहोचले. वाइल्डर हे कोल्हापूरच्या मिशनचे संस्थापक. अनेक वर्षे कोल्हापुरात राहून ते अमेरिकेला परतले होते आणि प्रिन्स्टन येथून मिशनरी रिव्ह्यू नावाचे नियतकालिक काढत होते.

आता हे पत्र शिफारस म्हणून पाहा. लिहिणारा कोण, तर नवराच. त्यात स्वतःच्या नोकरीची विनंती मिसळलेली. जिच्यासाठी पत्र लिहिले ती काय शिकली आहे, कशात हुशार आहे, याचा वाचणाऱ्याला काही अनुभव नाही. आमच्या कपाटातल्या कितीतरी पत्रांची आम्हाला इथे आठवण झाली. वाइल्डर यांचे उत्तरही तसेच आले. धर्मांतर केले तर साहाय्याचा विचार करता येईल, असा त्याचा रोख होता. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. मागितली होती शिक्षणाची मदत, विचारणा झाली श्रद्धेची. हा सगळा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला. चार लोकांत आपला अर्ज नकारासकट छापून आला तर आपल्यापैकी बहुतेकांनी पुढचा अर्ज केलाच नसता.

पण छापलेला कागद कुठे जाईल ते सांगता येत नाही. 1880 मध्ये न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ घालवायला हातात घेतलेला तो अंक जुना होता. त्यात त्यांनी हे पत्र आणि त्याला दिलेले उत्तर वाचले. कार्पेंटरबाईंनी हिंदुस्थान पाहिला नव्हता, त्या कोणत्या संस्थेच्या पदाधिकारी नव्हत्या. पण एक तरुण मुलगी शिकू पाहते आणि तिला असे उत्तर मिळते, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले.

इथून तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. त्या काळी पत्र बोटीने जाई, उत्तर यायला महिने लागत. आनंदीबाई त्यात आपल्या घरातल्या रीती, सण, बालविवाह, स्त्रियांची स्थिती, वाचलेली पुस्तके आणि स्वतःचे दुखणे-खुपणे सगळे लिहीत. डोकेदुखी, बारीक ताप, धाप लागणे हे त्रास त्यांना आधीपासूनच होते. कार्पेंटरबाई तिकडून औषधे पाठवत. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. आम्हाला वाटते की आनंदीबाईंचे खरे शिफारसपत्र या तीन वर्षांत तयार झाले. कार्पेंटरबाईंकडे पद नव्हते, शिक्का नव्हता, पण ही मुलगी कशी विचार करते हे त्या पुराव्यानिशी सांगू शकत होत्या.

श्रीरामपूरला असताना आनंदीबाईंनी एकटीने अमेरिकेला जाण्याचे ठरवले. गोपाळरावांना घरच्या जबाबदाऱ्या आणि पैशाची अडचण होती. बातमी फुटली तसा विरोध सुरू झाला. स्वजातीय रागावले. ख्रिस्ती झाल्याशिवाय ही परत येणार नाही, असे काहीजण खात्रीने सांगू लागले, तर काहींना तिने ख्रिस्ती व्हावेच असे वाटत होते. रस्त्याने नवराबायको बरोबर चालली तरी लोक थांबून पाहत, अशी ती वर्षे होती.

24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात जाहीर भाषण केले. भाषण इंग्रजीत होते. वक्त्या अजून अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. लोक मागे जे सहा प्रश्न विचारत होते, ते त्यांनी स्वतःच एकामागून एक पुढे घेतले. अमेरिकेलाच का जायचे? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तिकडे काही संकट आले तर काय करशील? आणि जे आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तू का करावेस? मद्रासच्या वैद्यकीय कॉलेजात 1875 पासून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता, पण इतरत्र सोय बहुतेक सुइणीच्या कामापुरतीच होती, आणि पुरुष शिक्षकांकडून पडदानशीन घरातल्या मुलीला शिकणे अवघड होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी त्या सभेत स्पष्ट केले. जातीबाहेर पडण्याची भीती नाही, असा आवही त्यांनी आणला नाही. ती भीती लक्षात घेऊनच आपण निघालो आहोत, हे सांगितले.

या भाषणानंतर वातावरण थोडे निवळले. कलकत्त्यातील अमेरिकेचे वकील आणि टपाल खात्याचे वरिष्ठ अधिकारी मदतीला आले, वर्गणीही जमली. ही माणसे मोठी होती. पण या मुलीने शाळेत अमुक परीक्षा दिली आहे, असे त्यांच्यापैकी कोणाला तरी लिहिता आले असते का? तशी परीक्षाच झालेली नव्हती.

7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. बंदरावर मावशी घ्यायला आल्या होत्या. ती उन्हाळी सुटी आनंदीबाईंनी रोझेलला त्यांच्याच घरी काढली. फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे 1850 मध्ये स्थापन झालेले, स्त्रियांना वैद्यक शिकवणारे जगातील अगदी पहिल्या कॉलेजांपैकी एक. तिथे प्रवेश घ्यायचे ठरले. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या अभ्यासक होत्या.

28 जून 1883 रोजी रोझेलहून आनंदीबाईंनी कॉलेजचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेला अर्ज आम्हाला या चरित्रातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. पालकांनी हा भाग मुलांना वाचून दाखवावा अशी विनंती आहे. प्रवेशासाठी जी पात्रता तुम्ही मागता ती सगळी माझ्यात कदाचित सापडणार नाही, हे त्यांनी त्यात स्वतःहून कबूल केले. आपली परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानात घेऊन सवलत द्यावी, अशी विनंती केली. त्यानंतर त्या थेट कामाकडे वळल्या. जातीचा आणि आप्तांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने इथवर आले, तो निश्चय अभ्यासातही कामी येईल, असे त्यांनी लिहिले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांवर उपचार करायचे आहेत, हा हेतू सांगितला. स्वतःसाठी काही मागत नाही, त्या कामाला लायक होण्यापुरते शिक्षण मागते, असा अर्जाचा शेवट.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला आमच्या गुरुजींनी हिंदीत दिलेले पत्र आम्ही घेऊन गेलो होतो. समोरच्या मंडळींनी ते उलटसुलट पाहून बाजूला ठेवले. इंग्रजी कच्चे आहे ही गोष्ट त्या दिवशी आम्ही शक्य तितकी लपवली आणि तिसऱ्याच प्रश्नाला ती उघडी पडली. म्हणून अठरा वर्षांच्या मुलीने परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याकडे काय नाही हे आधी लिहून मोकळे व्हावे, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

कॉलेजने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. ऑक्टोबर 1883 मध्ये अभ्यास सुरू झाला.

पुढची तीन वर्षे सोपी नव्हती. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल आणि मूळची नाजूक प्रकृती. तरी त्यांनी एकही वर्ष वाया जाऊ दिले नाही. 1885 मध्ये गोपाळरावही अमेरिकेत पोहोचले. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या कारणाने त्या या वाटेला लागल्या, त्याच विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. पदवीदानाला पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच 1886 साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय पात्रता मिळवली. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या भारतीय स्त्री डॉक्टरांची सुरुवात या दोघींपासून सांगतात. काही वर्षांनी मुंबईच्या रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. त्यांच्या पाठीशी मुंबईत काम करणाऱ्या डॉ. एडिथ पीची उभ्या होत्या. म्हणजे शिफारस करायला एक स्त्री डॉक्टरच होती. आनंदीबाईंच्या वेळी तेही भाग्य नव्हते.

आणि आता पुन्हा कोल्हापूर. 1886 मध्येच कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांकडून त्यांना विचारणा झाली. तेथील अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून यावे. आठ वर्षांपूर्वी याच गावातून एका टपाल कारकुनाने मदतीची याचना केली होती. आता गावच त्यांना बोलावत होते. आनंदीबाईंनी ती नेमणूक स्वीकारली. हेच हॉस्पिटल पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले. आपल्या निपाणी, चिक्कोडी भागातले लोक ज्याला नुसते सीपीआर म्हणतात आणि रात्री-अपरात्री पेशंट घेऊन कागलमार्गे जिथे धाव घेतात, ते हेच.

त्या हॉस्पिटलात डॉ. आनंदीबाई एकही दिवस काम करू शकल्या नाहीत. अमेरिकेतच त्यांना क्षयाने गाठले होते. 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या तेव्हा लोकांनी मोठ्या उत्साहाने स्वागत केले, वर्तमानपत्रांनी अभिनंदन केले. ज्यांनी जातीबाहेर टाकण्याची भाषा केली होती त्यांचाही सूर बदलला होता. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. अमेरिकेतील कॅरोलिन डॉल यांनी 1888 मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले.

हे सर्व पुन्हा वाचून झाल्यावर आम्ही त्या विद्यार्थिनीला बोलावून घेतले. या वेळी पत्र लिहिण्याआधी तिच्याशी तासभर बोललो आणि आमच्या विज्ञानाच्या शिक्षिकांनाही सोबत बसवले. तेव्हा कळले की तिची आई आशा कार्यकर्ती आहे आणि ही मुलगी शाळेत असल्यापासून आईबरोबर सरकारी दवाखान्यात जाते. खेड्यातून आलेल्या बायका मराठी बोलतात, नर्स कन्नड बोलते, आणि मधे उभी राहून ही दोन्हीकडचे सांगते. कोणत्या दुखण्याला आपल्याकडे काय म्हणतात आणि पलीकडे काय म्हणतात, याची तिने एक वहीच केली आहे. पाच वर्षे ती आमच्या शाळेत होती आणि आम्हाला हे माहीत नव्हते.

एका इयत्तेत तिला गणितात कमी गुण होते. तेही लिहू का, असे आम्ही तिला विचारले. थोडा विचार करून तिने होकार दिला. पुढच्या वर्षी ते गुण कसे सुधारले, हेही लिहा म्हणाली. त्याप्रमाणे लिहिले. वहीबद्दल लिहिले. विज्ञानाच्या शिक्षिका तिला आमच्यापेक्षा जवळून ओळखतात, म्हणून एक पत्र त्यांचेही घेतले. आमचे पत्र दीड पान झाले. इंग्रजी दोनदा तपासून घेतले, कारण ते आमचे आजही कच्चेच आहे.

पत्रे पाठवून झाली आहेत. उत्तर अजून यायचे आहे. दरम्यान, यंदाच्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पत्र हवे असेल त्यांनी निकालाची वाट न पाहता आधीच येऊन भेटावे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही कार्यालयात असतो.